चढावर थांबून पुन्हा निघायला शिकवा

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : गिअरच्या गाडीचं शिक्षण आणि पक्क्या लायसन्सची चाचणी

महोदय,


आमच्या भागात पक्कं लायसन्स पर्समध्ये आहे पण गाडी चालवता येत नाही, अशी माणसं खूप आहेत. त्यांत बायका जास्त. हे लायसन्स त्यांनी आडमार्गाने मिळवलेलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलची फी भरली, लर्निंग काढलं, कायद्याने सांगितलेले तीस दिवस थांबल्या, चाचणी दिली आणि पास झाल्या. घरात गाडी उभी आहे. तरी दवाखान्यात जायचं असलं की नवऱ्याच्या सुट्टीची वाट पाहायची, नाहीतर रिक्षा बोलवायची. कारण विचारलं तर उत्तर साधारण एकच येतं : "सरळ रस्त्याला येते हो, पण चढावर गाडी मागे जाते."

मी साताऱ्याला राहते. लायसन्स मिळूनही धीर न झालेल्या शेजारणी, मैत्रिणींच्या सुना आणि नोकरीला लागलेली मुलं यांच्या शेजारी मी त्यांच्याच गाडीत सरावासाठी बसते. मी प्रशिक्षक नाही आणि याचे पैसे घेत नाही. वर्षानुवर्षं गिअरची गाडी घाटातून चालवते, तिच्यावर जीव आहे, आणि आपल्याला येतं ते दुसऱ्याला द्यावंसं वाटतं, एवढंच. या बसण्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. शिकणाऱ्यांची बुद्धी कमी पडत नाही आणि धीरही कमी पडत नाही. त्यांना क्लच शिकवलेलाच नसतो. ही गोष्ट आपल्या खात्याच्या हातातली आहे आणि कायद्यात तिची तरतूद आधीपासून आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे आपल्याला लिहिते आहे.

आमचं शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतरत गेलेलं आहे. राजपथ वर, खालचा रस्ता खाली, आणि दोन्हींना जोडणाऱ्या गल्ल्या सगळ्या तिरक्या. समर्थ मंदिराकडे निघालात की चढ, बोगद्यातून पलीकडे गेलात की यवतेश्वरचा घाट. पुण्याहून येताना खंबाटकी चढायचा, पाचगणीला जायचं तर वाईहून पसरणीचा घाट. सुट्टीच्या दिवशी पसरणीत गाड्यांची रांग लागते. दहा पावलं पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा दहा पावलं. मागची गाडी बंपरला चिकटून उभी असते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा. तिथे गाडी वीतभरही मागे न जाऊ देता उचलता आली पाहिजे. ज्याला ते येत नाही त्याने त्या घाटात जाऊ नये हे खरं, पण त्याच्याजवळ सरकारने दिलेलं लायसन्स असतं आणि त्या लायसन्सवर पसरणी वगळून असं लिहिलेलं नसतं.

स्कूलच्या गाडीत नेमकं काय घडतं ते सांगते. शिकवणाऱ्या सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. तो असलाच पाहिजे, नियमानेच तो सक्तीचा केला आहे आणि त्याने अपघात टळतात. पण सरांचा पाय त्या क्लचवरून उठतच नाही. सिग्नलला गाडी थांबते तेव्हा क्लच सर दाबतात. निघताना अलगद सोडतात तेही सरच. स्टीअरिंग धरून बसलेल्या मुलीला वाटतं की गाडी आपणच उचलली. तिचा डावा पाय पेडलवर असतो, पण त्या पेडलला जीव नसतो. असं रोज चार-पाच किलोमीटर चालतं. मागच्या सीटवर आणखी दोघं आपला नंबर यायची वाट पाहत असतात. रस्ताही रोजचाच, शक्यतो सपाट आणि मोकळा. तिसऱ्या गिअरच्या वर जायची वेळ क्वचित येते. कोर्स संपतो आणि मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत बसते. त्या गाडीत शेजारी दुसरा क्लच नाही. पोवई नाक्यावर गाडी बंद पडते, पुन्हा सुरू करते तर पुन्हा बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात, कुणी तरी काच खाली करून बोलतं. अशी एक सकाळ अनुभवली की चावी कायमची खुंटीला. अशा किती जणींचा हात धरून मी त्यांना परत गाडीत बसवलं आहे. दर वेळी मला त्या शिकवणीचा राग येतो आणि त्यांच्या हिमतीचं कौतुक वाटतं.

सरांना दोष देऊन मला मोकळं व्हायचं नाही. दिवसभर अनोळखी माणसांच्या हाती गाडी देऊन भर बाजारातून फिरायचं हे जोखमीचं काम आहे. क्लच प्लेट जळली तर खर्च स्कूलच्या मालकाचा, गाडी बंद पडली तर वाहतूक तुंबते, आणि शिकणाऱ्याच्या घरच्यांना महिन्याच्या आत लायसन्स हवं असतं. मग सर आपला पाय क्लचवर ठेवतात. त्यांच्या जागी कुणीही हेच करेल, कारण चाचणीत क्लच विचारलाच जाणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

आणि इथेच मला आपल्याशी बोलायचं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम १५ मी बारकाईने वाचला. चाचणी देणाऱ्याला काय काय करता आलं पाहिजे याची त्यात यादी आहे. आरसे नीट लावणं, गाडी हळुवार उचलून वरच्या गिअरपर्यंत नेणं, गरज पडताच झटकन खालच्या गिअरवर येणं, उतारावर वेळेत खालचा गिअर टाकणं. आणि तीव्र चढावर थांबून हँडब्रेकचा किंवा ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरचा नीट उपयोग करून, गाडी अजिबात मागे न जाऊ देता पुन्हा निघणं. ज्याने कुणी हा नियम लिहिला त्याला घाट माहीत होता. अशी स्पष्ट अपेक्षा कायद्यात असताना सपाट मैदानावर चुन्याच्या रेघांमध्ये आठचा आकडा काढून चाचणी पुरी होत असेल, तर नियमातला सर्वांत मोलाचा भाग वगळला जातो. एका तालुक्याच्या गावी भरलेल्या चाचणीच्या कॅम्पला मी ओळखीच्या मुलीबरोबर गेले होते. मैदान चांगलं प्रशस्त होतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे गेली, वळली, मागे आली, झालं. तिला दुसरा गिअरही टाकावा लागला नाही. मैदानापासून हाकेच्या अंतरावर एक छान चढ होता, पण तिकडे कुणीही गेलं नाही.

स्कूलांसाठीचे नियमही असेच विचारपूर्वक केलेले आहेत. मोटारीच्या कोर्सला किमान एकवीस दिवस आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास. शिकवणारा दहावी उत्तीर्ण हवा, गाडी चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र हवं. गाडीचा कुठला भाग काय काम करतो हे त्याला दाखवून समजावता आलं पाहिजे. स्कूलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स दाखवायला ठेवलेले हवेत. शिवाय फॉर्म १५ नावाची एक नोंदवही आहे, तीत कोण किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत स्टीअरिंगवर होतं ते रोज लिहायचं. मी ज्यांच्या शेजारी बसते त्यांना विचारते, अशी वही पाहिली होती का? बहुतेकींनी पाहिलेली नसते. गिअरबॉक्स आतून कसा दिसतो हेही त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

माझ्या मते सगळ्यात आधी हेच दाखवायला हवं. मी सराव सुरू करताना गाडी चालू करत नाही. दोन्ही तळहात समोरासमोर धरायला सांगते. एक तळहात म्हणजे इंजिनचं फ्लायव्हील. गाडी उभी असली तरी ते मिनिटाला सात-आठशे फेरे घेत असतं. दुसरा तळहात म्हणजे क्लच प्लेट, ती पुढे गिअरबॉक्स आणि चाकांना जोडलेली. चाकं उभी आहेत म्हणून तीही उभी. क्लच दाबला की तळहात लांब, सोडला की एकमेकांवर घट्ट. आता एक तळहात फिरवत ठेवा आणि दुसरा एकदम त्यावर आपटा. काय होईल? फिरणारा तरी थांबेल, नाहीतर उभा असलेला हिसका खाईल. गाडी बंद पडते किंवा उडी मारते ती अशी. तेच दुसरा तळहात हळूहळू टेकवत आणला, थोडा घासू दिला, तर तोही फिरायला लागतो. हे घासणं म्हणजे आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो ते. एवढं दाखवलं की बायकांचे चेहरे उजळतात. "हे कुणी सांगितलंच नाही," असं प्रत्येक बाई म्हणते. गाडी आपल्यावर रुसते म्हणून बंद पडत नाही, तिला कारण असतं, हे कळलं की निम्मी भीती गेली.

मग मोकळं, सपाट मैदान. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकायचा आणि पेडल अगदी हळू सोडत यायचं. एका ठिकाणी इंजिनचा आवाज खाली बसतो, स्टीअरिंग किंचित थरथरतं, बॉनेट जराशी वर उचलल्यासारखी वाटते. तिथे पाय थांबवायचा. गाडी आपोआप सरकायला लागते, आताच्या पेट्रोल गाड्याही सरकतात, डिझेल तर सहजच. ती सरकली की क्लच दाबून ब्रेक लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. टाच जमिनीला टेकवून, चवड्याने. दर गाडीत ही जागा वेगळी असते, नव्या प्लेटची वेगळी, झिजलेल्या प्लेटची वेगळी, म्हणून ती पेडलच्या उंचीवर लक्षात ठेवायची नाही, कानाने आणि पायाने ओळखायची. दुसऱ्या गिअरचं नावही काढायची घाई नको. माणसाला या एका ठिकाणी पाय स्थिर ठेवता आला की बाकीचे गिअर आपोआप येतात. आजच्या गिअरबॉक्समध्ये गिअर एकमेकांत बसवायचं काम सिंक्रोमेश करतो. १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत तो पहिल्यांदा आला. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक ट्रक-बसच्या चालकांना गिअर बदलताना दोनदा क्लच दाबून इंजिनचा वेग स्वतः जुळवावा लागे. जुन्या एसटी चालकांकडून डबल क्लचच्या गोष्टी ऐकल्या असतील. त्यांच्या मानाने आपलं काम सोपं आहे, फक्त ते कुणी तरी शिकवायला हवं.

त्यानंतर चढ. आधी हलका, मग तीव्र. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच सोडत सोडत त्या जागेपर्यंत यायचं. बॉनेट उचलली गेली की थोडी रेस द्यायची. आता गाडी पुढे जायला धडपडते आणि हँडब्रेकने तिला धरून ठेवलेलं असतं. मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे जात नाही, पुढे निघते. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा शेजारच्या सीटवरून मी त्या बाईकडे पाहत असते. त्या आनंदाची तुलना मी दुसऱ्या कशाशी करणार नाही. ज्या चढाला घाबरून ती लांबचा वळसा घेत होती, तोच चढ ती लगेच पुन्हा चढून बघते.

या शिकवणीला वेळ फार लागत नाही. ज्यांना रोज चार किलोमीटर सरळ फिरवलं जातं त्यांना त्यातले थोडे दिवस एका जागी, एका चढावर मिळाले तरी पुरे. इथे एक इशाराही द्यावा लागतो. चढावरच्या रांगेत ब्रेक न लावता हाफ क्लचवरच गाडी धरून ठेवायची सवय फार जणांना लागते. त्याने प्लेट तापते, जळका वास येतो, आणि तो वास आला तेव्हा प्लेटचं आयुष्य बरंच संपलेलं असतं. उभं राहायचं ब्रेकवर, निघायचं क्लचवर.

चढाइतकंच मोठं शिक्षण उताराचं आहे, आणि ते तर स्कूलमध्ये मुळीच मिळत नाही. ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा, असं जुने चालक सांगत आले. त्यामागे कारण आहे. खालच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतःच चाकांना मागे ओढतं, ब्रेकवर भार कमी येतो. सतत ब्रेक दाबत उतरलं तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सैल होते. तरी आपल्याकडे उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची खोड घराघरांत आहे. पेट्रोल वाचतं म्हणे. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर इंजिनला इंधन देणं जवळजवळ थांबतं, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन लागतंच. म्हणजे बचत होत नाही आणि गाडीवरचा एक लगाम हातचा जातो. इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनमुळे मिळतो, तो दोन-चार दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टीअरिंगही जड होतं.

नवा कात्रज बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता आम्हा सातारकरांच्या रोजच्या वाटेवरचा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका टँकरमुळे जो अपघात झाला त्यात चाळीसहून अधिक गाड्यांचं नुकसान झालं. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं प्राथमिक तपासात दिसत असल्याचं तेव्हा पोलिसांकडून सांगण्यात आलं. त्या उतारावर पुढे पाट्या लागल्या, वेगावर बंधनं आली, आणि ती हवीतच. पण उतारावर गिअर का सोडायचा नाही, इंजिन का बंद करायचं नाही, हे त्या चालकाला आणि त्याच्या पुढच्या-मागच्या प्रत्येकाला लर्निंगच्या दिवसांत कुणी करून दाखवलं असतं तर? खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याकडे उतरताना येणारं वळण घ्या, कसारा घ्या, आंबेनळी, कुंभार्ली, आंबोली, करूळ घ्या. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री आडवा असलेल्या या राज्यात उतार शिकवल्याशिवाय कुणालाही गाडी शिकली असं म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमसुद्धा कित्येकांनी फक्त लर्निंगच्या प्रश्नांपुरता पाठ केलेला असतो. चढावर थांबलेल्या माणसाला पुन्हा निघायला काय लागतं हे स्वतः अनुभवलं, की तो नियम सांगावा लागत नाही.

आता कुणी म्हणेल, गिअरच्या गाड्यांचे दिवस संपत आले, हे सगळं कशाला? २०१४ मध्ये सेलेरिओ गाडीबरोबर स्वस्तातला ऑटो गिअर आपल्याकडे आला, तेव्हापासून क्लच नसलेल्या गाड्या वाढत आहेत आणि विजेच्या गाडीत तर क्लच नाहीच. ज्यांना ती परवडते त्यांनी खुशाल घ्यावी. पण सेकंडहँड बाजारात मध्यमवर्गाला परवडणारी गाडी अजून बहुधा गिअरचीच असते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खाली आणणारा पिकअप गिअरचा, दुधाचा टेम्पो गिअरचा, गावातली शाळेची व्हॅन गिअरची. चालक म्हणून पोट भरायचं तर क्लच आलाच पाहिजे. २०२३ मध्ये एसटीच्या स्टीअरिंगवर महिला चालक बसल्या तेव्हा आम्हा बायकांना किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. त्या वाटेवर जाऊ पाहणाऱ्या मुलीचं पहिलं पाऊल गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्येच पडतं.

ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर चाचणी दिली तर लायसन्स तेवढ्याच गाड्यांचं मिळतं, गिअरच्या गाडीसाठी वेगळी चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे लायसन्स एकच, दोन्हींना चालतं. आपणही तसा भेद करावा अशी मागणी काही जण करतात. मला ती पटत नाही. त्याने कागद बदलतील, आणि क्लच न शिकवता गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळणं तसंच चालू राहील. शिवाय मुलींना 'तू आपली ऑटोमॅटिकच घे' म्हणून बाजूला बसवायला घरच्यांना एक सरकारी कारण मिळेल.

माझं मागणं साधं आहे. नियम १५ मध्ये चढाची आणि उताराची जी अपेक्षा आहे ती प्रत्येक चाचणीत, प्रत्येक कॅम्पला, प्रत्यक्ष घेतली जावी. त्यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. स्वयंचलित चाचणी मार्ग जिथे आहेत तिथे ते चांगलेच. पण जिथे नाहीत तिथे निरीक्षकांनी गाडी मैदानाबाहेरच्या चढावर न्यावी, मागच्या चाकामागे सुरक्षित अंतरावर एक खूण करावी आणि गाडी थांबवून पुन्हा निघायला सांगावं. महाराष्ट्रात बहुतेक तालुक्यांना असा चढ सापडेल, आणि जिथे गाव अगदीच सपाट आहे तिथे मातीचा आणि काँक्रीटचा एक उतार बांधणं जिल्ह्याला जड नाही. चाचणीत चढ आला की स्कूलमध्ये तो आपोआप शिकवला जाईल. सरांचा पाय क्लचवरून उठायला दुसरा कुठला उपाय मला दिसत नाही.

जून २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम काढले. त्यात मोटारीचा कोर्स २९ तासांचा आहे, त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे, आणि चढ-उतारावर चालवणं त्यात नाव घेऊन सांगितलं आहे. पण अशा केंद्राला सपाट भागात दोन एकर आणि डोंगराळ भागात एक एकर जागा लागते. तालुक्याच्या बाजारपेठेत एका गाळ्यावर आणि दोन गाड्यांवर चालणाऱ्या स्कूलला ते कसं जमावं? आमच्या मुली शिकणार त्या याच गाळ्यातल्या स्कूलमध्ये. म्हणून त्या अभ्यासक्रमातला चढ-उताराचा भाग लहान स्कूलांनाही लागू करा, आणि त्यासाठी लागणारं इंधन आणि झिजणारी प्लेट धरून फी ठरवायची मुभा त्यांना द्या. लोक थोडी जास्त फी देतील. आज ते स्कूलची फी देतात आणि वर पुन्हा कुणाकडे तरी शिकायला जातात, हा खर्च कुणी मोजत नाही.

फॉर्म १५ ची नोंद शिकणाऱ्याला रोज दिसावी. लायसन्सचं बाकीचं काम सारथी पोर्टलवर होतंच, मग आज आपण किती वेळ चालवलं, चढाचा सराव झाला का, हे तिने स्वतः पाहून मान्य केल्याशिवाय तास पुरा धरू नये. कोर्सच्या शेवटच्या काही तासांत शिकवणाऱ्याचा पाय क्लचवर नसेल, ब्रेकपाशी तयार असेल, असं स्पष्ट लिहून द्यावं. काही ठिकाणी आता सिम्युलेटर आले आहेत. पाट्या आणि सिग्नल शिकायला ते ठीक, पण तिथला क्लच थरथरत नाही, तेव्हा त्यावरचे तास गाडीच्या तासांत धरू नयेत.

आणखी एक. शिकवणाऱ्या बायका वाढवा. बंद गाडीत परक्या पुरुषाच्या शेजारी बसून, चुकल्यावर त्याचा वाढलेला आवाज ऐकत शिकणं बऱ्याच जणींना जड जातं. काही घरांत तर त्यासाठी परवानगीच मिळत नाही. प्रशिक्षक व्हायला मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र लागतं आणि त्या कोर्सला मुली फार थोड्या. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये मुलींना हा कोर्स करायला प्रोत्साहन आणि थोडी शिष्यवृत्ती मिळाली, तर पाच-सात वर्षांत चित्र बदलेल. असा कोर्स साताऱ्यात सुरू झाला तर त्यात गाडीवरचा सराव द्यायला मी आनंदाने येईन.

पावसाळ्यात आमच्या घाटांत धुकं उतरतं, रस्ता ओला होतो. पुढे सप्टेंबरला कासची फुलं बघायला राज्यभरातून गाड्या यवतेश्वर चढू लागतात. त्यातल्या पुष्कळ गाड्यांवरचा एल बोर्ड नुकताच काढलेला असतो आणि आत लहान मुलं असतात. त्याआधीच्या कॅम्पांपासून चढाची चाचणी सुरू करण्याचा आदेश आपण काढावा, एवढी विनंती करते.

आपली,
साताऱ्याची एक वाहनचालक